हिमसरोवराचे छायाचित्र आणि मराठीची वर्णनभाषा

(१)

छायाचित्र पाहण्याची क्रिया भाषेवाचून घडते असे वरवर वाटते. वस्तुतः ती तशी क्वचितच घडते. चित्राखालची ओळ, सोबतच्या लेखातील वर्णन आणि पाहणाऱ्याच्या मनात आधीच रुजलेली विशेषणे यांच्या आधारानेच चित्र वाचले जाते. रोलाँ बार्थ या फ्रेंच चिंतकाने १९६४ साली चित्राखालील शब्दांच्या या कार्याला नांगराची उपमा दिली. अनेक अर्थांवर हेलकावणाऱ्या चित्राला शब्द एका अर्थापाशी बांधून ठेवतात, असा तिचा आशय होय. नांगर योग्य जागी पडला तर पाहणाऱ्याला स्थैर्य लाभते. अयोग्य जागी पडला तर चित्रात उघड दिसणारी वस्तूही दिसेनाशी होते. हिमालयातील हिमनदीजन्य सरोवरांच्या छायाचित्रांविषयी मराठीत हा दुसरा प्रकार घडत आला आहे, हे दाखविणे आणि त्यावरचा उपायही मराठीतच, किंबहुना अर्धापूरसारख्या गावाच्या नित्याच्या बोलण्यात, उपलब्ध आहे हे स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

असे छायाचित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. दिनदर्शिकांवर, दिवाळी अंकांत, यात्रावर्णनांत आणि भूगोलाच्या पुस्तकांत ते वारंवार भेटते. त्याची रचना बहुधा ठरलेली असते : पार्श्वभूमीला हिमाच्छादित शिखर, मध्यभागी निळ्याहिरव्या पाण्याचा पट्टा आणि पुढे दगडगोट्यांची ओबडधोबड रास. वर्णनही तितकेच ठरलेले असते. नमुन्यादाखल पुढील वाक्य रचता येईल : ‘हिमशिखरांच्या कुशीत विसावलेले हे निळेशार, स्फटिकासारखे निर्मळ सरोवर म्हणजे जणू आकाशाचा आरसाच होय.’ हे वाक्य कोणा एका लेखकाचे नव्हे. थोड्याफार फरकाने ते कोठेही आढळावे असे आहे. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि कानाला गोडही लागते. परंतु त्यातील बहुतेक शब्द समोरच्या चित्राशी विसंगत आहेत, आणि चित्राच्या तळाशी पसरलेल्या दगडांच्या राशीविषयी तर ते अवाक्षरही काढीत नाही.

(२)

प्रथम ‘निर्मळ’ हे विशेषण घ्यावे. ज्यात मळ नाही ते निर्मळ. हिमनदी आपल्या प्रचंड भाराने तळच्या खडकावरून सरकते तेव्हा बर्फात रुतलेले दगड खडकाला घासतात आणि जात्यात दळल्याप्रमाणे त्याचे अतिसूक्ष्म पीठ होते. वितळलेल्या पाण्याबरोबर हे शिळापीठ सरोवरात येते. त्याचे कण इतके बारीक असतात की ते लवकर तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. प्रकाशातील तांबडा भाग पाणी शोषून घेते, आणि उरलेला निळाहिरवा भाग हे कण चहूकडे विखुरतात. छायाचित्रात मोहून टाकणारा तो विलक्षण रंग यातून उत्पन्न होतो. पिठाचे प्रमाण फार वाढले तर तेच पाणी राखी, दुधाळ दिसू लागते. तात्पर्य, तो रंग पाण्याच्या निर्मळपणाचा नसून त्यातील मळाचा आहे. ‘स्फटिकासारखे’ या उपमेतही नकळत एक विनोद साधला गेला आहे. त्या पिठात स्फटिकाचे कण खरोखरीच असतात. मात्र ते दळलेल्या स्फटिकाचे असतात.

हे विशेषण आले कोठून, याचा शोध दूर घ्यावा लागत नाही. पर्वतातील सरोवर म्हटले की संस्कृत काव्यपरंपरेतील मानस डोळ्यांसमोर उभे राहते. पावसाळ्याच्या प्रारंभी हंस जेथे जातात ते हे सरोवर. ‘मेघदूता’तील मेघ रामगिरीहून निघून कैलासाकडे जातो, हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. महाराष्ट्राच्या भूमीवरून हिमालयाकडे पाहण्याची ही वाट फार जुनी आहे आणि तिच्यावरून चालणाऱ्याच्या शिदोरीत विशेषणे आधीच बांधलेली असतात. कवीने ती वापरावीत यात दोष नाही, कारण कवीचे सरोवर मनात असते. छायाचित्रातील सरोवर मात्र विशिष्ट जागी, विशिष्ट दिवशी यंत्रापुढे होते. एकाची विशेषणे दुसऱ्याला लावली म्हणजे गोंधळ सुरू होतो.

‘निळेशार’ या शब्दाकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. बर्लिन आणि के यांनी १९६९ साली मूलभूत रंगनामांचा सिद्धांत मांडल्यापासून रंगवाचक शब्दांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. मराठीत रंगनामांइतकीच त्यांना लागणारी तीव्रतादर्शक पदे लक्षणीय आहेत : हिरवेगार, पांढरेशुभ्र, काळेभोर, लालभडक, पिवळेधमक, निळेशार. ही सर्व पदे शुद्ध आणि भरगच्च रंग सुचवितात. मिश्र, मंद किंवा गढुळलेल्या छटेसाठी भाषा दुसरे साधन वापरते : निळसर, हिरवट, दुधी, राखी, किंवा वस्तूवरून आलेली मोरपंखी, अस्मानी यांसारखी नावे. म्हणजे ‘दुधी हिरवट’ किंवा ‘राखी निळसर’ असे अचूक वर्णन करण्याची सोय मराठीत आहे. तरीही चित्राखाली ‘निळेशार’च येते, कारण ‘-सर’ आणि ‘-ट’ हे प्रत्यय कानाला उणेपणाचे वाटतात. उत्सवी गद्याला उणेपणा परवडत नाही.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे उल्कापाताने झालेल्या विवरातील खाऱ्या पाण्याचे सरोवर २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. त्या वेळी ‘गुलाबी’ या शब्दापाशी कोणी थांबले नाही. हे असे का झाले, हा प्रश्न लागलीच उपस्थित झाला. पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि क्षारता वाढल्यावर फोफावणाऱ्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. रंग अपरिचित होता म्हणून कारण विचारले गेले. हिमसरोवराचा रंग त्याहून कमी चमत्कारिक नाही. परंतु त्याला आधीच तयार असलेले विशेषण भेटते आणि प्रश्न तेथेच विझतो.

(३)

दोष केवळ शब्दांचा आहे आणि छायाचित्र मात्र निष्पक्षपाती आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. यंत्रालाही स्वतःची विशेषणे असतात. मराठीत ‘फोटो काढणे’ असा प्रयोग रूढ आहे आणि त्यातील क्रियापद मोठे मार्मिक आहे. ‘चित्र काढणे’ यात निर्मिती आहे, तर ‘विहिरीतून पाणी काढणे’ यात असलेले बाहेर आणणे आहे. पर्वताचे छायाचित्र घेणारा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करीत असतो.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. तिसऱ्या प्रवासात त्याने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतून ती ओली असतानाच यंत्रात बसवावी व लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. त्यासाठी तंबू, रसायने आणि काचा हमालांच्या पाठीवर वाहून न्याव्या लागत. तरीही सिमल्याच्या परिसराविषयी बोर्नने जी तक्रार नोंदविली ती अभ्यासनीय आहे : येथे तळी नाहीत, नद्या नाहीत, वेलींनी वेढलेले भग्नावशेष नाहीत, आणि हे पर्वत इतके अवाढव्य आहेत की ते यंत्राच्या चौकटीत मावत नाहीत. इंग्लंडमध्ये घडलेल्या निसर्गचित्राच्या कल्पनेत सरोवर हा आवश्यक घटक होता. शिखराला समतोल देणारी आडवी, शांत रेषा म्हणून ते हवे असे. बोर्नच्या शिदोरीतही विशेषणे होती. ती केवळ वेगळ्या भाषेतील होती.

त्या रसायनाचाही एक पक्षपात होता. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे. परिणामी निळे आकाश कागदावर पांढरेफटक येई, आणि निळे पाणी व पांढरा बर्फ यांतील भेद मावळे. पुढे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने १९२७ साली योसेमिटीमधील हाफ डोम या कड्याचे चित्र घेताना भिंगापुढे गडद तांबडी काच लावली आणि प्रत्यक्षात निळे असलेले आकाश जवळजवळ काळे उमटविले. बोर्नच्या काचेला ही निवड करता येत नव्हती. अ‍ॅडम्सने ती जाणीवपूर्वक केली. आज पाण्यावरची चकाकी घालविणाऱ्या ध्रुवणकाचा आणि रंग गडद करणारी संगणकीय साधने कोणाच्याही हाती आहेत. तेव्हा हिमसरोवराचा रंग चित्रात जितका ‘शार’ दिसतो तितका तो जागेवर होताच, असे म्हणता येत नाही. शब्द आणि यंत्र येथे एकमेकांचे साक्षीदार बनतात, आणि दोघेही एकाच पक्षाचे असतात.

(४)

विशेषणांपेक्षाही अधिक परिणाम क्रियापदांचा होतो. नमुन्याच्या वाक्यातील सरोवर ‘विसावलेले’ आहे. अन्यत्र ते पहुडलेले किंवा पसरलेले असते. ही सर्व अकर्मक आणि स्थितिदर्शक क्रियापदे होत. त्यांच्यामुळे सरोवर अनादि कालापासून तेथे आहे आणि तसेच राहील, असा भास होतो. वस्तुस्थिती याहून फार निराळी आहे.

हिमनदी मागे हटते तेव्हा तिने पुढे ढकलून आणलेल्या माती, वाळू व दगडांची रास तशीच मागे राहते. तिला मराठी परिभाषेत ‘हिमोढ’ असे नाव आहे. या राशीमागील खळग्यात वितळलेले पाणी साठते. म्हणजे चित्रात पुढे दिसणारी आणि वर्णनात वगळली जाणारी दगडांची रास हाच त्या सरोवराचा बांध होय. अशी अनेक सरोवरे पर्वताच्या मानाने कालची आहेत. नेपाळमधील इम्जा सरोवराचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९५६ साली फ्रिट्झ म्यूलर या स्विस हिमनदीतज्ज्ञाने त्या भागाची छायाचित्रे घेतली तेव्हा दगडांनी झाकलेल्या हिमनदीवर केवळ काही लहान डबकी होती. आल्टन बायर्स यांनी २००७ साली त्याच ठिकाणी उभे राहून पुन्हा छायाचित्र घेतले, त्या वेळी तेथे सुमारे एक चौरस किलोमीटरचे सरोवर झाले होते. २०१६ साली नेपाळमध्ये त्याची पातळी सुमारे साडेतीन मीटरने मुद्दाम उतरविण्यात आली. या दोन चित्रांचे मोल त्यांच्या सौंदर्यात नाही. ते त्यांच्याखालच्या सालांत आहे. मराठीत छापल्या जाणाऱ्या अशा चित्रांखाली स्थळाचे नाव बहुधा असते, साल मात्र क्वचितच असते. ‘विसावलेल्या’ वस्तूला सालाची गरज भासत नाही.

व्हित्तोरियो सेल्ला हा इटालियन छायाचित्रकार १८९९ साली डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर कांचनगंगेला वळसा घालताना सिक्कीममधील ल्होनक खोऱ्यातून गेला. त्याच खोऱ्याच्या माथ्याशी पुढे हिमनदी वितळून दक्षिण ल्होनक सरोवर वाढत गेले. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री त्याच्या काठाच्या हिमोढाचा मोठा भाग पाण्यात कोसळला, लाट उसळून बांध फुटला आणि तिस्ता नदीला आलेल्या पुराने चुंगथांग येथील धरण वाहून नेले. उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांनुसार सरोवराचे क्षेत्र २८ सप्टेंबर रोजी १६७.४ हेक्टर होते, ते ४ ऑक्टोबर रोजी ६०.३ हेक्टर उरले. उपग्रहाच्या त्या दोन प्रतिमाही छायाचित्रेच आहेत. त्यांना कोणी निळेशार म्हटले नाही.

केदारनाथची घटना मराठी वाचकाला याहून जवळची आहे, कारण तेथे महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. मंदिराच्या वरच्या अंगाला असलेल्या चोराबारी तालाला गांधी सरोवर असेही म्हणत, कारण १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश तेथे विसर्जित झाला होता. १७ जून २०१३ रोजी सकाळी, अतिवृष्टीने व वितळलेल्या बर्फाने भरलेल्या या तालाचा हिमोढाचा काठ फुटला. मराठीत त्या संपूर्ण आपत्तीला ‘ढगफुटी’ हे एकच नाव चिकटले. त्या नावाने दोष आकाशाकडे गेला. जमिनीवरचा बांध पुन्हा एकदा वर्णनाबाहेर राहिला.

(५)

या परिस्थितीत वर्णनासाठी शब्द कोठून आणावेत, असा प्रश्न उद्भवतो. परिभाषा तयार आहे : हिमनदी, हिमोढ, हिमगव्हर, लोंबती दरी. ही भूगोलाच्या पुस्तकांत रुळली आहे आणि ती टाकाऊ नाही. तथापि तिची एक मर्यादा आहे. ‘हिमनदी’ म्हणताच मनात वाहणारे पाणी येते. ‘हिमसरोवर’ या समासाचा विग्रह हिमाचे सरोवर, हिमातील सरोवर की हिमापासून झालेले सरोवर असा करावा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. गढवालात हिमनदीला ‘बामक’ आणि लाहूलात ‘शिग्री’ म्हणतात. तेथील लोकांनी वस्तूला वस्तूचे नाव दिले आहे. बर्फ न पाहिलेल्या प्रदेशाला तसे नाव सुचणे शक्य नव्हते.

परंतु हिमसरोवर समजण्यासाठी बर्फ पाहिलेला असणे आवश्यक नाही. अडविलेले पाणी पाहिलेले असणे पुरेसे आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीच्या बागांसाठी ओळखला जातो आणि त्या बागा विहिरींच्या व पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या आहेत. त्या भागातील शेतकऱ्याच्या नित्य बोलण्यात बांध, पाळ, भराव, पाझर, सांडवा, गाळ, गढूळ, मुरूम, बुडीत हे शब्द असतात. यांतील प्रत्येक शब्द हिमसरोवराच्या छायाचित्राला विशेषणांपेक्षा अधिक चपखल बसतो. हिमोढ हा भराव आहे; पण तो थरावर थर दाबून घातलेला नाही, त्यात चिकणमातीचा गाभा नाही, आणि त्यातील दगड, मुरूम व माती निवडलेली नाही. क्वचित त्याच्या पोटात जुना बर्फही दडलेला असतो आणि तो वितळला की भराव खचतो. त्याला बांधीव सांडवा नाही; पाणी काठावरून ओसंडू लागले की काठच खरवडला जातो. त्याला पाझर असतो, आणि चोराबारी तालाचे पाणी एरवी बाहेर पडे ते पाझरानेच. सरोवराचा रंग हा त्यातील गाळाचा रंग आहे. एवढे सांगितल्यावर अर्धापूरच्या माणसाला चित्रातील धोका समजावून सांगावा लागणार नाही. भरावाचा बांध पाण्याने चढू लागला की काय होते, हे त्याला ठाऊक असते. १९६१ च्या पानशेतपासून ‘धरण फुटणे’ हा प्रयोग महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. ‘सरोवर फुटणे’ हा प्रयोग मात्र कानाला विचित्र वाटतो, कारण ‘सरोवर’ या शब्दाला बांध असतो असे कोणी सांगितलेलेच नाही. ‘तळे फुटले’ असे म्हणताच विचित्रपणा नाहीसा होतो. संस्कृत शब्दाच्या जागी देशी शब्द आला, एवढ्यानेच वस्तूचा स्वभाव प्रकट झाला.

(६)

यावर असा आक्षेप संभवतो की सौंदर्याच्या चित्रापुढे गाळ आणि भराव यांची चर्चा करणे अरसिकपणाचे आहे. दिनदर्शिका म्हणजे अभियंत्याचा अहवाल नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो येथे लागू पडत नाही. रसदृष्टीनेच विचार केला तरी रूढ वर्णन अपुरे ठरते. हिमशिखर, तुटलेला बर्फ, दगडांची रास आणि त्यांमध्ये अधांतरी धरलेले पाणी, या दृश्यात अद्भुत आहे आणि भयानकही आहे. ‘विसावलेले’, ‘निर्मळ’ आणि ‘आरसा’ हे शब्द या दोहोंना बाहेर घालवून एकटा शांत रस शिल्लक ठेवतात, आणि तोही स्वस्त दराचा. ज्या चित्रकाराने दगडांची रास चौकटीत घेतली त्याने, जाणून वा न जाणून, त्या भयाला जागा दिली होती. वर्णन करणाऱ्याने ती काढून घेतली. सुंदर म्हणण्याला कोणाचीच हरकत नसावी. मात्र कशाला सुंदर म्हटले जात आहे, हे चित्रात पाहूनच ठरावे.

शुद्धिपत्रादाखल आरंभीच्या वाक्याऐवजी दुसरे वाक्य असे लिहिता येईल : ‘हिमनदीने मागे ठेवलेल्या दगडामातीच्या बांधाआड साठलेले हे तळे; पाण्याचा दुधी हिरवट रंग त्यातील दळलेल्या खडकाचा आहे.’ आणि त्यापुढे स्थळ, महिना व साल. या वाक्यात अलंकार नाही, तरीही ते रूक्ष नाही. ते वाचून डोळा पाण्यावरून बांधाकडे जातो, बांधावरून वरच्या बर्फाकडे आणि तेथून खालच्या दरीकडे, जेथे चौकटीबाहेर वस्ती असू शकते. चित्राखालच्या ओळीने याहून अधिक करावे अशी अपेक्षा नाही.

हिमालयातील तापमान वाढत असून हिमनद्या मागे हटत आहेत. नवी तळी होत आहेत, जुनी वाढत आहेत. त्यांची छायाचित्रे मराठीत यापुढे अधिकच येतील, आणि ती पाहणाऱ्यांतील पुष्कळजण त्या दऱ्यांतून यात्रेला जातील. म्हणून पाठ्यपुस्तकांचे संपादक, नियतकालिकांचे उपसंपादक आणि प्रवासवर्णनांचे लेखक यांनी अशा चित्राखाली तीन गोष्टी आवर्जून नोंदवाव्यात : पाणी कशाने अडले आहे, त्याचा रंग कशाचा आहे आणि चित्र कोणत्या साली घेतले आहे. यासाठी नवा कोश सिद्ध करावा लागणार नाही. लागणारे शब्द अर्धापूरच्या कालव्याकाठी रोज बोलले जातात.